मखरातला तास

केरबा खोत पत्रिका घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले, तेव्हा मी आठवीच्या वह्या तपासत बसले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, माझ्याऐवजी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघत पत्रिका टेबलावर सरकवली आणि म्हणाले, "रविवारी येळ काढून या, बाई. वैजीचं हाय."

वैजी म्हणजे वैजयंता, त्यांची मुलगी. आठवीत विज्ञानात पहिली येणारी आणि प्रजासत्ताक दिनाच्या लेझीम पथकात पुढं उभी राहणारी. दोन दिवस ती शाळेत आली नव्हती. मला वाटलं होतं, ताप असेल.

मी पत्रिका उघडली. गुलाबी कागद, वर गणपती, आणि मधोमध ठळक अक्षरांत कु. वैजयंता हिच्या न्हाणाचा मखर समारंभ. खाली आजऱ्याच्या मामांची नावं, दुपारी साडेबाराचं भोजन, आणि अगदी शेवटी, लग्नपत्रिकेत असते तशी ओळ: 'आमच्या ताईच्या मखराला नक्की यायचं हं!' मुलगी वयात आली हे मंगळवारी दुपारी कळलं होतं आणि गुरुवारी पत्रिका छापून हजर होत्या. आमच्या मोरणग्यात ग्रामपंचायतीचं एकही काम इतक्या झपाट्यानं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

माझा पारा चढला. चढायला कारणही होतं. तीनच आठवड्यांपूर्वी हेच केरबा खोत याच खोलीत बसून गेले होते, बरोबर दूध संस्थेतली चार माणसं घेऊन. त्या वर्षी वयात येणाऱ्या मुलामुलींना शरीराची माहिती द्यावी म्हणून शाळेत एक पातळ, पिवळं पुस्तक आलं होतं. मी त्यासाठी कोल्हापूरला दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले होते. वर्तमानपत्रांतून या विषयावर रोज भांडणं छापून येत होती आणि गावात ती वाचली जात होती. तास होणार हे कळताच केरबा आले आणि हेडसरांना म्हणाले, "पोरींना नको ती अक्कल शिकवू नका. ज्याचं त्याला वयात आलं की कळतंय. आमाला कुणी शिकवलं हुतं?" आमचे हेडसर नाईकवडी हे अत्यंत शांतताप्रिय गृहस्थ. त्यांनी तास रद्द केला आणि ती पुस्तकं लेझमांच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं.

आता तोच माणूस पत्रिका वाटत होता.

मी विचारलं, "केरबा, बारा मुलींपुढं दार लावून मी जे बोलायचं नाही, ते तुम्ही छापून गावभर वाटताय. वर कर्णाही लावणार असाल."

"कर्णा हाय की," ते म्हणाले. त्यांना माझ्या बोलण्यातला टोमणा पोचलाच नाही. "पर ही रीत हाय, बाई. रीतीत काय वंगाळ नसतंय."

"आणि शाळा?"

इथं मात्र त्यांनी वेळापत्रकावरची नजर खाली घेतली. "शाळा बास आता. पोरगी शाणी झाली की खोताच्या घरातली शाळंला जात न्हाई. माझ्या चारी भनी बसल्या घरात. मंगळवारी दाखला न्यायला येतो." एवढं बोलून ते पुढच्या घरची पत्रिका काढत निघून गेले.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. सांगलीहून पहिल्या नोकरीवर आले होते आणि जगात मला कळत नाही असं काही नाही, अशी माझी ठाम समजूत होती. वैजूला मी मनातल्या मनात डॉक्टर करून ठेवलं होतं. रविवारी जायचं, पण जेवायला नव्हे, भांडायला, असं मी ठरवलं. हेडसरांना माझ्या चेहऱ्यावरून ते कळलं असावं. ते म्हणाले, "तगारे बाई, पोळी खा, कटाची आमटी प्या आणि परत या. गावात राहायचंय आपल्याला." आहेर म्हणून खणाऐवजी मी मुद्दाम कंपासपेटी घेतली.

शुक्रवारी झेंडावंदन झालं. लेझीम वैजूशिवायच झालं आणि वाईट झालं.

रविवारी खोतांच्या दारात लग्नासारखा मांडव होता. कर्ण्यावर गाणी लागली होती. परड्यात चुलवणावर आमटी उकळत होती आणि केरबा स्वतः हातात बादली घेऊन पंगतीत वाढत फिरत होते. पुरुष सगळे मांडवात, बायका सगळ्या आत. मी चपला काढून माजघरात गेले. पोर कोपऱ्यात कोमेजून बसली असेल, डोळे सुजले असतील, मला बघून रडेल, अशी माझी तयारी होती.

वैजू केळीच्या खुंटांच्या आणि झेंडूच्या मखरात चौरंगावर पाय हलवत बसली होती. अंगावर मामानं आणलेली हिरवी साडी, हातभर हिरव्या बांगड्या, केसांत गजरे, आणि हातात अर्धा खाल्लेला डिंकाचा लाडू. मला बघून तिचा चेहरा फुलला. पाच दिवस रोज एकेका घरून गोडाधोडाचा डबा येत होता. एवढी खूश ती परीक्षेत पहिली आल्यावरही दिसली नव्हती. मी भांडणाची सगळी वाक्यं पाठ करून आले होते आणि जिच्यासाठी भांडायचं ती मजेत लाडू खात होती.

बायका ओळीनं तिची ओटी भरत होत्या. तिची आई शालन सकाळीच भावाच्या जीपमधून आजऱ्याहून उतरली होती. दोन महिने ती माहेरी होती, आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं म्हणून. त्यामुळं हे सगळं, म्हणजे पोरीला कोपऱ्यात बसवणं, सांगावे धाडणं, हळदीची न्हाणी, सगळं केलं होतं ते केरबांच्या थोरल्या बहिणीनं, गौराक्कांनी. लहान वयात नवरा गेला म्हणून त्या माहेरी येऊन राहिलेल्या. साठीच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू, आणि त्या दिवशी आनंदानं पाय जमिनीवर ठरत नव्हते.

माझा नंबर आला. मी कंपासपेटी वैजूच्या ओच्यात ठेवली. तिनं ती लगेच उघडून बघितली आणि मग माझ्या कानाशी वाकली. इकडच्या बायका-पोरी बोलताना गड्यासारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, त्याची मला एव्हाना सवय झाली होती.

"बाई, एक शंका इचारू? आत्या म्हनती, तसलं इचारायचं नसतंय."

"विचार."

"ह्ये परत कवा येनार?"

"दर महिन्याला," मी म्हणाले. निदान एवढं तरी कुणी सांगितलं असेल असं मला वाटत होतं.

वैजू विचारात पडली. विज्ञानाच्या तासाला एखादी गोष्ट पटली नाही की ती अशीच कपाळाला आठ्या घालायची. "दर म्हैन्याला? पर शिपाईमामा तर झेंड्याच्या कट्ट्याला वर्सातनं दोनदाच गेरू लावतोय."

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. मग हळूहळू कळायला लागलं. मंगळवारी दुपारी लेझमाची तालीम होती. सव्वीस जानेवारीसाठी आमच्या शिपायानं झेंड्याच्या कट्ट्याला गेरू फासला होता. मुलींची सलवार पांढरी.

"वैजू, तू कट्ट्यावर बसली होतीस?"

"व्हय की. वला हाय ह्ये म्हाईत न्हवतं मला. घरी आलो तर आत्यानं मागनं बगितलं आन रडायलाच लागली. म्हनली, शाणी झालीस. सलवार लगीच भिजत घातली."

"आणि नंतर रक्त?"

"कसलं रगत, बाई?"

तिच्या डोळ्यांत नुसतं कुतूहल होतं. मी आवाज शक्य तितका खाली आणून विचारलं, की आत्यानं काही दिलं होतं का, त्याला काही लागलं का. ती म्हणाली, "आत्यानं कापड दिलं हुतं. कशाला त्ये सांगितलं न्हाई. मग चौथ्या दिशी इचारलं, थांबलं का? चालूच काय न्हवतं, म्हनून म्हनलो, व्हय. मला वाटलं डाग पडला की शाणं हुतंय."

मला हसू येत होतं आणि त्याच वेळी लाजही वाटत होती. कारण हे सगळं त्या पिवळ्या पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर होतं. आणि खरं सांगायचं तर, हेडसरांनी तास रद्द केला त्या दिवशी मी वरवर चिडले होते, पण रात्री मला शांत झोप लागली होती. दोन दिवस आरशासमोर उभी राहून मी ते शब्द उच्चारायचा सराव केला होता आणि प्रत्येक वेळी माझे कान लाल झाले होते. सुटले बुवा, असंच मला वाटलं होतं. त्या सुटकेचा हा परिणाम माझ्यासमोर हिरवी साडी नेसून बसला होता.

मी शालनला आणि गौराक्कांना खूण करून आतल्या धान्याच्या खोलीत नेलं आणि सांगितलं. शालन खाली बसली. बाहेर तीनशे माणसं जेवत होती, भावानं पैठणीच्या तोडीची साडी आणली होती. पण तिच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, की हे बाहेर फुटलं तर पोरीला जन्मभर गेरूची वैजी म्हणतील. ते खरंच होतं. मोरणग्यात एकदा नाव पडलं की ते सरणापर्यंत जातं.

गौराक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या आधी रडल्या, मग डोळ्याला शिव्या दिल्या, आणि मग माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, मला आलं तवा मी दोन दिस कडब्याच्या गंजीमागं लपून बसलो हुतो. मला वाटलं, आतनं काय तर फुटलं, आता मी मरतो. आई सापडली तवा तिनं पयलं थोबाडीत मारली, मग मखरात बसवलं. म्हनून म्हनलो, माझी वैजी भ्यायला नको. तिनं भ्यायच्या आत तिला लाडू द्यायचा."

मी एवढ्या तावातावानं ज्या रीतीशी भांडायला आले होते, ती या बाईच्या हातात अशी होती. 

"पर केरबाला कोन सांगनार?" शालन म्हणाली. आणि दोघींनी माझ्याकडं बघितलं. बायकोला नवऱ्याशी आणि बहिणीला भावाशी जे बोलता येत नाही, ते मास्तरणीला येत असणार, असं त्यांनी गृहीत धरलं.

केरबा परड्यात चुलवणापाशी बादली भरत होते. मला बघून त्यांना वाटलं, आत आमटी कमी पडली. मी म्हणाले, जरा बाजूला या. म्हशींच्या गोठ्याच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. प्रशिक्षणात शिकवलेले सगळे शब्द मला आठवत होते आणि एकही तोंडातून बाहेर पडत नव्हता. शेवटी मी म्हटलं, "वैजूला महिन्याचं आलेलं नाही. तो डाग गेरूचा होता. झेंड्याच्या कट्ट्याचा."

त्यांनी बादली खाली ठेवली.

"गेरूचा," ते म्हणाले.

"गौराक्कांना नीट दिसत नाही."

"आन वैजीला?"

"तिला दिसतं. पण काय बघायचं ते माहीत नाही. यात रक्त येतं हेसुद्धा तिला माहीत नाही, केरबा. तिला कुणी सांगितलेलंच नाही."

 ते म्हशीकडं बघायला लागले. मग सावकाश म्हणाले, "मी म्हनलो हुतो, ज्याचं त्याला कळतंय."

"हो."

"न्हाईच की कळलं."

मला वाटलं आता ते गौराक्कांवर भडकतील, किंवा माझ्यावर, किंवा शिपायावर. पण त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काहीतरी दिसायला लागलं. "म्हंजे वैजी आजून ल्हानच हाय?" त्यांनी विचारलं.

"लहानच आहे."

केरबांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि तोंड पुसलं. चुलवणाचा धूर लई झालाय, म्हणाले. धूर दुसरीकडं जात होता. मग त्यांनी मला सांगितलं, की पाच दिवस रीतीप्रमाणं त्यांनी पोरीचं तोंड बघितलेलं नाही. रोज सकाळी ती त्यांच्याबरोबर डेअरीला यायची, मोठा कॅन ते घ्यायचे आणि छोटी किटली ती. वाटेनं शाळेतलं काहीबाही सांगायची, पृथ्वीच्या पोटात काय असतं आणि बेडकाला किती वेळा श्वास घ्यावा लागतो. पाच दिवस किटलीही त्यांनीच उचलली होती. "वाट सरत न्हवती, बाई," ते म्हणाले. "मला वाटलं, हे आसंच आता. संपलं."

मी लगेच मुद्द्यावर आले. "मग मंगळवारी दाखला?"

केरबांनी डोकं खाजवलं. दूध संस्थेत फॅट बघून दुधाचा भाव लावताना करतात तसा हिशोबी चेहरा केला. "शाणी झाली तर शाळा बंद, ही रीत. झालीच न्हाई, तर कसली बंद?" स्वतःच्या तोंडून आलेलं हे वाक्य त्यांना फारच आवडलं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं आणि हसले. गाभण म्हैस हरवून परत गोठ्यात आलेली दिसावी तसे ते हसत होते.

एवढ्यात गौराक्का मागच्या दारातून बाहेर आल्या. त्यांचं रडणं आवरलं होतं. भावाला त्यांनी एक शब्द विचारला नाही. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बाई, तुमचा तो तास ऱ्हायलाय न्हवं? मखर हाय, बायका हायत्या, तुमच्या वर्गातल्या समद्या पोरी आयांसंगं आल्यात. बापय आत येत न्हाई. घ्या की हतंच."

मी केरबांकडं बघितलं. ते टोपी सारखी करत होते. मग ते मांडवात गेले आणि कर्णावाल्याला त्यांनी आवाज वाढवायला सांगितला. इतका वाढवायला सांगितला, की पंगतीतली माणसं एकमेकांना खुणेनं पोळी मागायला लागली. मग ते परत आले आणि माजघराच्या दाराकडं पाठ करून उभे राहिले. कुणीतरी हळद मागायला आला, त्याला त्यांनी हाकललं. आत पूजा चाललीया, म्हणाले.

अशा रीतीनं माझा रद्द झालेला तास सुरू झाला. फळा नव्हता, म्हणून मी सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं चित्र काढलं. मधे गर्भाशय, दोन्ही बाजूंना नळ्या. पहिल्या रांगेतली एक म्हातारी वाकून बघत म्हणाली, "ह्ये तर म्हशीचं डोस्कं दिसतंय, शिंगासकट," आणि चाळीस बायका हसल्या. त्या हसण्यात माझे लाल झालेले कान कुणाच्या लक्षात आले नाहीत. त्यानंतर मला काही अवघड गेलं नाही. जे शब्द आरशासमोर जीभ जड करत होते, ते इथं भाजीच्या नावांसारखे निघायला लागले. रक्त कुठून येतं, का येतं, किती दिवस, किती असेल तर डॉक्टरकडं जायचं, कापड उन्हात का वाळवायचं. मुली आधी आयांच्या मागं तोंड लपवत होत्या, मग पुढं सरकल्या. वैजू तर मखरातून उतरून रांगोळीशेजारी मांडी घालून बसली आणि कंपासपेटीतल्या पेन्सिलीनं पत्रिकेच्या मागं चित्र उतरवून घ्यायला लागली.

मी मुलींना शिकवत होते, पण ऐकत होत्या आया. थोड्या वेळानं शंकाही त्याच विचारायला लागल्या. एकीनं विचारलं, की या दिवसांत लोणच्याला हात लावला की ते खरंच नासतं का. मी म्हणाले, मी वर्षानुवर्षं लावतेय. दुसरीनं मान खाली घालून विचारलं, की मुलगी होते ती कुणामुळं. तिला चार मुली होत्या आणि दुसरीच्या वेळेपासून सासूनं तिला घालूनपाडून बोलायला सुरुवात केली होती. सासू तिथंच तिच्या शेजारी बसलेली होती. मी सांगितलं, की बाईकडून कायम एकच गोष्ट येते, मुलगा का मुलगी ते बापाकडून ठरतं.

 बाहेर कर्णा तेवढा कोकलत होता. मग ती सासूच तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि म्हणाली, "आगं बया, आन मी हिला का बोलतो? माझ्याच लेकाला बोलाय पायजे." मग जे हसू उसळलं ते थांबेना. कुणीतरी म्हणालं, हे तेवढं कर्ण्यावर सांगा. ती चार मुलींची आई हसत होती आणि रडतही होती. सासूनं तिच्या तोंडात लाडू कोंबला.

शेवटी गौराक्का ताट घेऊन उठल्या. तांदूळ, खोबऱ्याच्या वाट्या, खारका. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, पण त्या दिवशी त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी वैजूची ओटी भरली आणि तिथंच थांबल्या नाहीत, तर बाराही मुलींना ओळीनं बसवलं. कुणीतरी म्हणालं, आक्का, ह्यातल्या निम्म्यांना आजून आलं न्हाई. "आलेल्या, न आलेल्या, समद्यांची भरायची," गौराक्का म्हणाल्या. "येनार तर हायच. मग भ्यायला कशाला लावायचं?" शालननं आणि मी एकमेकींकडं बघितलं. गेरूची गोष्ट आम्हा चौघांच्या बाहेर गेली नाही. वैजूलाही शालननं जवळ घेऊन समजावलं आणि तिनं मोठ्या माणसासारखी मान हलवली. साडी परत द्यावी लागेल का, एवढीच तिची काळजी होती.

सोमवारी सकाळी ती शाळेत आली, हातभर हिरव्या बांगड्या वाजवत. मंगळवारी केरबा दाखला न्यायला आले नाहीत. गावानं त्यांना विचारलं, की खोताची शाणी पोरगी शाळेला कशी? तर ते म्हणायचे, सरकारी नियम हाय, आठवी सोडता येत न्हाई. एरवी सरकारला शिव्या घालणाऱ्या माणसानं तो नियम असा छातीवर मिरवला, की पुढं आणखी दोन घरांनी पोरी घरी बसवल्या नाहीत. आणि एके दिवशी माझ्या टेबलाच्या खणात लेझमांच्या कपाटाची किल्ली सापडली. हेडसरांना विचारलं तर म्हणाले, कुठली किल्ली, मला काही माहीत नाही.

पण माझ्या मनात धाकधूक होतीच. केरबांचा हिशोब मला तोंडपाठ होता: झालीच न्हाई, तर कसली बंद. उद्या खरोखर झाली, म्हणजे? नववी सुरू झाली, दिवाळीची सुट्टी जवळ आली, आणि सहामाहीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी केरबा शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. तीच टोपी, नजर तशीच वेळापत्रकावर, आणि एक हात पाठीमागं.  पाठीमागं अर्ज असणार.

त्यांनी हात पुढं केला. पाव किलो पेढ्यांचा पुडा होता.

"गोड घ्या," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

ते खिडकीतून बाहेर झेंड्याच्या कट्ट्याकडं बघायला लागले. ऑक्टोबरातला कट्टा पांढराफटक होता. "ह्या बारीला गेरू न्हवता, बाई," ते म्हणाले.

मी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालवेना. "मग दाखला न्यायला आलात?"

"कसला दाखला?" केरबांनी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडं बघितलं. "पोरगी वर्गात बसलीया की. तेवढी आज कवायतीला उनात हुबी करू नका."

तेव्हा कुठं मी पेढा खाल्ला. तोंड गोड असताना मी विचारलं, की तुम्हाला कुणी सांगितलं? गौराक्कांनी?

"न्हाई, वैजीनंच. सकाळी डेअरीला जाताना. म्हनली, आबा, किटली आज तुमी घ्या. माझ्या पोटात दुखतंय. मला आलंय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

केरबांनी टोपी सारखी केली.

"काय म्हननार?" ते म्हणाले. "किटली घेतली."